एकाच पिवळ्या पिशवीत

बाळंतपण सुखरूप पार पडले की प्रसूतिगृहातल्या सगळ्यांच्या नजरा बाळाकडे वळतात. सिस्टरचे मात्र एक काम बाकी असते. बाळामागून पडलेली वार ती ट्रेमध्ये पसरून तपासते, कारण तिचा एखादा तुकडा आत राहिला तर बाईच्या जिवावर बेतू शकते. वार पूर्ण असल्याची खात्री झाली की ती पिवळ्या पिशवीत जाते. पुढे तिचे काय होते हे घरच्यांना कुणी सांगत नाही आणि त्यांनाही विचारायचे सुचत नाही. विदर्भातल्या मे महिन्यात, आरोग्य केंद्रामागच्या पत्र्याच्या खोलीत रक्ताने भरलेला हा अर्ध्या किलोचा अवयव दीड-दोन दिवस गाडीची वाट पाहत पडला, तर ते दार उघडणाऱ्या मावशींवर काय वेळ येते, याचा विचार तर फारच कमी होतो.

आकडे मांडून पाहिले की हा विषय किती मोठा आहे ते कळते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातली ८८.६ टक्के बाळंतपणे दवाखान्यांत होतात. महाराष्ट्रात हे प्रमाण ९५ टक्क्यांच्या जवळ आहे. वर्षाला दोन कोटी बाळंतपणे आणि वारेचे वजन अर्धा किलो धरले, तरी १० हजार टन होतात, म्हणजे रोज २७ टनांच्या आसपास. ही झाली नुसती वार. शस्त्रक्रियेत काढलेले अवयव व ऊती, गर्भपातानंतरचे अवशेष, रक्ताने भिजलेले कापसाचे बोळे, गॉज आणि पट्ट्या यांची भर वेगळीच. निसर्गाच्या हाती सोपवले तर यातले जवळपास सगळे कुजून मातीत मिसळेल. तरीही दवाखान्यातल्या कचऱ्यापैकी सर्वांत घाईने, सर्वांत महागडे इंधन खर्चून आपण जाळतो तो हाच.

दवाखान्यातून निघणारा सगळाच कचरा धोक्याचा नसतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते सुमारे ८५ टक्के कचरा घरातल्यासारखाच असतो आणि काळजी घ्यावी लागते ती उरलेल्या १५ टक्क्यांची. या १५ टक्क्यांसाठी आपल्याकडे जैववैद्यकीय कचरा व्यवस्थापन नियम, २०१६ आहेत. त्यांनी रंगांची विभागणी केली: लाल पिशवीत नळ्या, सलाइनच्या बाटल्या आणि सुया काढलेल्या सिरिंजा, पांढऱ्या डब्यात सुया आणि पाती, निळ्या खोक्यात काच. उरलेले बहुतेक सगळे पिवळ्यात. त्यामुळे वार, कापलेला पाय, ड्रेसिंगची पट्टी, मुदत संपलेली औषधे, प्रयोगशाळेतले नमुने आणि रक्ताने माखलेली गादी या सगळ्यांचा रंग एकच. पिशव्या वेगळ्या असू शकतात, पण शेवटचा मुक्काम बहुधा एकच असतो: भट्टी. या विषयातली सगळी गुंतागुंत या पिवळ्या रंगाशी येऊन थांबते, असे माझे मत आहे. आपोआप कुजणारे आणि कधीच न कुजणारे, पाण्याने भरलेले आणि कोरडे, अशा वस्तूंना आपण एकच वाट दिली आणि मग त्या वाटेवर येईल ती अडचण निस्तरत बसलो.

भट्टीवर इतका विश्वास का बसला, हे समजून घेण्यासाठी थोडे मागे जावे लागते. १ मार्च १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीच्या अस्वच्छतेसंबंधीच्या खटल्यात आदेश दिला की ५० किंवा अधिक खाटांच्या रुग्णालयांनी इन्सिनरेटर किंवा तितकीच परिणामकारक दुसरी यंत्रणा बसवावी. त्या वेळी दवाखान्यांचा कचरा पालिकेच्या कुंडीत जाई, कुत्री पट्ट्या ओढत नेत आणि कचरावेचकांच्या हातात सुया घुसत. अशा स्थितीत आग हा स्वच्छ आणि निर्णायक उपाय वाटला यात नवल नाही. पण आदेशातल्या ‘दुसऱ्या यंत्रणे’कडे बऱ्याच ठिकाणी दुर्लक्ष झाले आणि रुग्णालयांच्या आवारात छोट्या छोट्या भट्ट्या उभ्या राहिल्या. त्याच सुमारास अमेरिकेत उलटे चालले होते. तिथल्या पर्यावरण संरक्षण संस्थेने डायॉक्सिन या विषारी रसायनाचा हिशेब मांडला, तेव्हा वैद्यकीय कचऱ्याच्या भट्ट्या सर्वांत मोठ्या स्रोतांमध्ये निघाल्या. १९९७ मध्ये कडक मानके आली आणि हजारोंच्या संख्येने असलेल्या या भट्ट्या पुढच्या काही वर्षांत बंद पडल्या. फिलिपिन्सने १९९९ च्या स्वच्छ हवा कायद्यात विषारी धूर सोडणाऱ्या कचराभट्ट्यांवर बंदी घातली. पुढे २००४ मध्ये त्या देशात गोवराच्या लसीकरणाची प्रचंड मोहीम झाली, तेव्हा जवळपास दोन कोटी सिरिंजांची व्यवस्था न जाळता लावून दाखवली.

डायॉक्सिनची गोम समजून घेण्यासारखी आहे. ते ज्वाळेत जितके तयार होते, त्यापेक्षा धूर थंड होताना जास्त तयार होते, साधारण २०० ते ४५० अंश सेल्सिअसच्या टप्प्यात, तेही क्लोरीन हाताशी असेल तर. हा क्लोरीन पिवळ्या पिशवीत मुख्यतः पीव्हीसी प्लास्टिकमधून आणि वर ओतलेल्या हायपोक्लोराइट या जंतुनाशकातून येतो. वारेवर ‘निर्जंतुक’ म्हणून हायपोक्लोराइट ओतून ती भट्टीला पाठवणे म्हणजे विषाचा कच्चा माल स्वतःच्या हाताने पुरवणे. २०१६ च्या नियमांनी मानके बरीच कडक केली: दुसऱ्या कक्षात १०५० अंशांच्या आसपास तापमान, तिथे वायू किमान दोन सेकंद थांबला पाहिजे, धुराडे ३० मीटरचे, आणि डायॉक्सिन-फ्युरानची मर्यादा घनमीटरला ०.१ नॅनोग्रॅम. क्लोरीनयुक्त प्लास्टिकच्या पिशव्या आणि हातमोजे मार्च २०१९ पर्यंत हद्दपार करायचे ठरले. नियम चांगले आहेत. पण ०.१ नॅनोग्रॅम मोजणारी प्रयोगशाळा तालुक्याच्या गावी नसते, आणि ज्या दिवशी धूर मोजतात त्या दिवशी भट्टी जशी चालते तशी ती एरवीच्या रात्री चालते का, याची खात्री देणारे कोणी नसते.

त्यात आणखी एक साधा प्रश्न आहे, त्याकडे धोरणात क्वचितच लक्ष गेले: ओले जाळायचे कशाला? वारेत पाच भागांपैकी चार भाग पाणीच असते. एक किलो पाण्याची वाफ करायला सुमारे २६०० किलोज्यूल उष्णता लागते आणि ती वाफ हजार अंशांवर न्यायला आणखी सुमारे २००० किलोज्यूल. ही उष्णता ऊतींमधून निघत नाही, डिझेलमधून येते. भट्टीत ओले टाकले की तापमान पडते, तापमान पडले की जळण अर्धवट होते, आणि मग राखेत न जळलेले तुकडे सापडतात. राखेतला सेंद्रिय कार्बन ३ टक्क्यांच्या आत असावा, असे नियम म्हणतो. तो कशामुळे वाढतो, हे भट्टी चालवणाऱ्या माणसाला पुस्तक न वाचताही माहीत असते.

जाळण्याला नियमांनी दिलेला जुना पर्याय म्हणजे खोल पुरणे. दोन मीटर खोल खड्डा खणायचा, तो निम्मा भरला की वरून जमिनीच्या ५० सेंटिमीटर खालपर्यंत चुना टाकायचा आणि उरलेली जागा मातीने बुजवायची. प्रत्येक वेळी कचरा टाकला की १० सेंटिमीटर माती पसरायची. वर जाळीचे किंवा पत्र्याचे झाकण हवे, म्हणजे जनावरे उकरणार नाहीत. भूजल खड्ड्याच्या तळापासून किमान ६ मीटर खाली असले पाहिजे. ही शेवटची अट कागदावर निरुपद्रवी दिसते. पण कोकणात जुलै-ऑगस्टमध्ये एखाद्या विहिरीत डोकावून पाहा, पाणी हाताला लागेल इतके वर आलेले असते. खड्डा दोन मीटरचा आणि त्याखाली सहा मीटर कोरडी जमीन, असे ठिकाण तिथे पावसाळ्यात किती आरोग्य केंद्रांना मिळेल? गडचिरोली किंवा नंदुरबारच्या उंचवट्यावर ते सहज मिळू शकते. म्हणजे खोल पुरण्याची पद्धत चूक नाही, तिला जागा बघावी लागते. आणि परवानगी देताना जागेची पाहणी उन्हाळ्यात केली असेल तर ती पाहणीच नव्हे.

चुन्याबद्दलही दोन शब्द लिहायला हवेत. चुन्याने वास आणि माश्या आटोक्यात राहतात, हे खरे. पण ज्या जिवाणूंनी ऊती कुजवायच्या, त्यांचीही गती तो मंदावतो. वार खड्ड्यात टाकण्यापूर्वी तिच्यावर क्लोरीनसारखी जंतुनाशके ओतू नयेत, असे जागतिक आरोग्य संघटनेचे मार्गदर्शन याच कारणासाठी आहे. तिने सुचवलेला वारेचा खड्डा थोडा वेगळा असतो. काँक्रीटच्या कड्यांनी बांधलेला, तळ झिरपता, वर घट्ट झाकण आणि वायू बाहेर जायला नळी, असा. उष्ण हवेत आत टाकलेले बहुतांश पाणी झिरपते, बाकीचे कुजते आणि आकारमान झपाट्याने उतरते. दोन खड्डे आलटून पालटून वापरले तर एक भरेपर्यंत दुसरा रिकामा होत जातो. छोट्या केंद्रासाठी याहून सोपी व्यवस्था मला माहीत नाही.

त्यापुढची पायरी बायोगॅसची. काठमांडूत एका संस्थेने रुग्णालयांसोबत काम करून पट्ट्या आणि कापूस ऑटोक्लेव्हमध्ये वाफवायचे, तर वारेसारखे ओले जैविक अवशेष बंद टाकीत कुजवायचे, अशी व्यवस्था उभी केली. बीर रुग्णालयाचे नाव या कामासाठी अनेक देशांत घेतले जाते. तत्त्व ओळखीचेच आहे. गोबरगॅसचे संयंत्र महाराष्ट्राच्या खेड्यांत पन्नास वर्षे तरी आहे. पथ्ये मात्र कडक आहेत. फॉर्मेलिनमध्ये ठेवलेला नमुना आत गेला तर टाकीतले जिवाणू मरतात आणि सगळे काम ठप्प होते. जंतुनाशकाचेही तसेच. बाहेर पडणारी मळी पूर्ण निर्जंतुक असते असे गृहीत धरता येत नाही, म्हणून ती भाजीच्या वाफ्यात जाता कामा नये. तिच्यावर पुढची प्रक्रिया हवी किंवा ती शोषखड्ड्यात गेली पाहिजे.

आपल्या नियमांच्या तक्त्यात मात्र मानवी अवयव आणि ऊतींसाठी तीनच पर्याय आहेत: जाळणे, प्लाझ्मा पायरोलिसिस (अतितप्त प्लाझ्माने विघटन) किंवा खोल पुरणे. बायोगॅसचा उल्लेख नाही. शिवाय ७५ किलोमीटरच्या आत अनेक दवाखान्यांचा कचरा घेणारा सामायिक प्रकल्प असेल तर दवाखान्याला स्वतःच्या आवारात प्रक्रिया करायला मनाई आहे. या मनाईमागे कारण आहे. १९९६ नंतर आवारात उभ्या राहिलेल्या धुरकट भट्ट्यांचा अनुभव ताजा होता. पण आवारातली भट्टी आणि आवारातला बंद खड्डा यांना एकाच तराजूत तोलणे मला पटत नाही.

इथपर्यंत वाचून कुणी म्हणेल, मग सरळ परवानगी द्या, प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात टाकी बांधा. या टप्प्यावर महाराष्ट्राला स्वतःचा अनुभव आठवला पाहिजे. जानेवारी २०२२ मध्ये वर्धा जिल्ह्यातल्या आर्वी इथे एका खासगी रुग्णालयाच्या आवारातल्या गोबरगॅसच्या टाकीत पोलिसांना गर्भांच्या ११ कवट्या आणि ५४ हाडे सापडली. बेकायदा गर्भपाताच्या तक्रारीवरून तपास सुरू झाला होता. त्याआधी मार्च २०१७ मध्ये सांगली जिल्ह्यातल्या म्हैसाळला ओढ्याकाठी पुरलेले १९ गर्भ सापडले होते. ज्या टाकीचे मी आत्ता गुण सांगितले, त्याच प्रकारच्या टाकीत आर्वीला ही हाडे निघाली. हा विषय जिथे जिथे निघतो तिथे हे आठवायला हवे, असे मला मनापासून वाटते. शरीराच्या अवशेषांची विल्हेवाट हा स्वच्छतेचा प्रश्न आहेच, पण तो पुराव्याचाही प्रश्न आहे. जे आवारात कुजते त्याची नोंद आवारातच राहते आणि जिथे नोंद ठेवणारा आणि गुन्हा करणारा एकच असेल तिथे नोंदीला अर्थ उरत नाही. मुलींचे गर्भ पाडणाऱ्या राज्याने हे विसरून चालणार नाही.

म्हणून मी फरक असा करीन. सरकारी केंद्रातली वार ही बाळंतपणाच्या नोंदवहीशी जुळवता येते: जितकी बाळंतपणे तितक्या वारा, जुळ्यांची नोंद वेगळी. दिवसाचे वजन आणि दिवसाची बाळंतपणे यांचा मेळ बसलाच पाहिजे, नाही बसला तर ते लगेच दिसते. हा मेळ तपासणारी व्यक्ती बाहेरची, म्हणजे तालुका आरोग्य अधिकाऱ्यांच्या कार्यालयातली असावी. गर्भपाताचे अवशेष, शस्त्रक्रियेतले अवयव आणि खासगी रुग्णालयांतल्या ऊती मात्र बारकोड लावलेल्या पिशवीतून बाहेरच गेल्या पाहिजेत, त्यांना आवारात कुठलीही वाट नको. २०१६ च्या नियमांनी आणलेली बारकोडची व्यवस्था पिशवी कुठे गेली हे सांगते. पिशवीत किती असायला हवे होते, ते नोंदवहीच सांगू शकते. दोन्ही एकत्र वाचणारे कुणी असेल, तर वार जवळच कुजवणे सुरक्षित आहे. नसेल, तर मी आज आहे तीच भट्टी पत्करेन.

कापूस आणि पट्ट्यांचा प्रश्न तुलनेने सोपा आहे. वाफेच्या दाबाखाली १२१ अंशांवर तासभर ठेवले की त्यावरचे रोगजंतू मरतात. निर्वात ऑटोक्लेव्ह असेल तर पाऊण तासात. वाफ आतपर्यंत पोचली का, हे उष्णतेला दाद न देणाऱ्या जिओबॅसिलसच्या बीजाणूंच्या कुप्या ठेवून तपासता येते. नियमही पट्ट्यांसाठी ऑटोक्लेव्ह करून तुकडे करण्याची मुभा देतात, पण ती भट्टी किंवा खोल पुरण्याची सोय नसेल तेव्हाचा पर्याय म्हणून. हा क्रम उलटा हवा. कोरडा किंवा दमट कापूस वाफवून त्याचे तुकडे केले की त्याचा धोका संपतो. ऊती मात्र ऑटोक्लेव्हमध्ये घालणे हा उपाय नव्हे. जंतू मरतील, पण बाहेर येईल ते उकडलेले मांस, आणि त्याचे पुढे काय करायचे हा प्रश्न जागच्या जागी राहील. याच गोंधळामुळे ‘ऑटोक्लेव्ह आहे ना, मग झाले’ असे म्हणणारे प्रशासक भेटतात.

प्लाझ्मा पायरोलिसिसचे तंत्र गांधीनगरच्या प्लाझ्मा संशोधन संस्थेने विकसित केले. विजेची गरज आणि किंमत पाहता ते मोठ्या शहरापलीकडे जाईल असे दिसत नाही. तीव्र अल्कली आणि उष्णता वापरून ऊती विरघळवण्याची पद्धत परदेशात जनावरांच्या मृत शरीरांसाठी रुळली आहे, आपल्या रुग्णालयांना ती जवळजवळ अपरिचित आहे.

अलीकडची सगळ्यात लक्षवेधी घडामोड केरळातली. तिरुवनंतपुरमच्या ‘सीएसआयआर-निस्ट’ या राष्ट्रीय प्रयोगशाळेने ‘सृजनम्’ नावाचे स्वयंचलित यंत्र तयार केले आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये दिल्लीच्या एम्समध्ये ते सुरू झाले. रक्त, लघवी, थुंकी आणि प्रयोगशाळेतल्या एकदाच वापरायच्या वस्तू न जाळता ते निर्जंतुक करते. क्षमता दिवसाला ४०० किलोची सांगितली गेली, आणि सुरुवातीच्या टप्प्यात कुजणारा कचरा रोज १० किलो हाताळायचे ठरले. बाहेर पडणारा पदार्थ गांडूळखताइतका किंवा त्याहून सुरक्षित असल्याचा दावा आहे. मला या यंत्राबद्दल आशा आहे, पण दोन गोष्टींची उत्तरे मिळाल्याशिवाय ते ग्रामीण रुग्णालयात ढकलू नये. एक, वारेसारखी दाट ऊती त्यात चालते का, की ते मुख्यतः द्रव आणि नमुन्यांसाठी आहे. दोन, निर्जंतुकीकरण खरोखर झाले, हे दर महिन्याला तिथल्या तिथे कोण आणि कशाने तपासणार. बंद पडलेली यंत्रे आपल्या आरोग्य केंद्रांत पुष्कळ आहेत.

जाळण्याची किंमत कोण मोजते, याचे उत्तर मुंबईत गोवंडीकर देतात. शहरभरच्या रुग्णालयांचा कचरा २००९ पासून देवनार-गोवंडी भागातल्या प्रकल्पात जळत आला. शेजारी देवनारची कचराभूमी, आणि मध्ये दाट वस्ती. रहिवाशांनी वर्षानुवर्षे तक्रारी केल्या. शेवटी प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले आणि २०२३ मध्ये प्रकल्प रायगड जिल्ह्यातल्या खालापूर तालुक्यात हलवण्यासाठी दोन वर्षांची मुदत ठरली. गोवंडीला दिलासा मिळेल, पण भट्टीत जाणारे तेच राहिले तर धूर तालुका बदलेल इतकेच. देशात रोज ६०० ते ७०० टन जैववैद्यकीय कचरा निघतो. मे २०२१ मध्ये कोविडचा कचराच दिवसाला सरासरी २०० टनांवर गेला होता, आणि तेव्हा सगळ्या भट्ट्या कशा धापा टाकत होत्या हे प्रत्येक जिल्ह्याने पाहिले. ओले बाजूला काढले असते, तर त्या महिन्यांत तेवढी जागा नक्की मोकळी झाली असती.

प्रक्रिया न केलेला कचरा ४८ तासांहून जास्त ठेवू नये, असा नियम आहे. परिसरात रुग्णालयांच्या खाटा कमी असतील तर सामायिक प्रकल्पाचे क्षेत्र १५० किलोमीटरपर्यंत वाढवता येते. मेळघाटातल्या घाटरस्त्यावर किंवा पुरात तुटलेल्या गावी हे ४८ तास कसे पाळायचे? आणि प्रकल्पाचे शुल्क खाटेमागे घेतले तर रुग्णालयाला वेगळे करण्यात रस राहत नाही, जेवणाच्या पत्रावळ्याही पिवळ्यात जातात. किलोमागे घेतले तर लपवण्याचा मोह होतो. मला खाटेमागचे शुल्कच बरे वाटते, पण पिवळ्याचे वजन गेल्या वर्षीपेक्षा घटले तर त्यात सवलत द्यावी.

या सगळ्या साखळीत सर्वांत जास्त हात लागतात ते मावशी-मामांचे. वाळलेल्या रक्तातही हिपॅटायटिस-बीचा विषाणू आठवडाभर तग धरू शकतो. कचरा हाताळणाऱ्या प्रत्येकाला हिपॅटायटिस-बी आणि धनुर्वाताची लस देणे नियमाने बंधनकारक आहे. कंत्राटदार बदलला की माणसे बदलतात आणि तीन मात्रांपैकी पहिलीवरच अनेकांचे लसीकरण थांबते. जड हातमोजे कपाटात कुलूपबंद असतात, कारण ते हरवले तर पगारातून कापतात. पिशवी फाटून रक्त पायावर पडते तेव्हा चप्पल असते, गमबूट नसतात.

नियमांचा तक्ता बदलायला वेळ लागेल. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाला बंद खड्डा आणि टाकीची मानके ठरवावी लागतील आणि राज्याला जागांची पाहणी पावसाळ्यात करावी लागेल. तोवर प्रत्येक प्रसूतिगृहाला परवानगीशिवाय करता येण्यासारखे काही आहे. वार वेगळ्या पिवळ्या पिशवीत, वेगळ्या झाकणाच्या बादलीत ठेवावी. तिच्यावर हायपोक्लोराइट ओतू नये. २०१६ च्या नियमांनी रासायनिक निर्जंतुकीकरणासाठी सांगितलेले १० टक्क्यांचे द्रावण २०१८ च्या दुरुस्तीने १ ते २ टक्क्यांवर आणले, तरी जुनी बाटली आणि जुनी सवय अनेक वॉर्डांत टिकून आहे. वारेचे वजन पिशवी बांधण्यापूर्वी करून बाळंतपणाच्या नोंदवहीतच, बाळाच्या वजनाशेजारच्या रकान्यात लिहावे. तो रकाना वर्षभर भरला, तर पुढच्या वर्षी खड्डा किती मोठा हवा, याचे उत्तर त्यातूनच मिळेल.